वाक्यातला कर्ता



शाळेच्या इतिहासात अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वाट्याला फार तर एक परिच्छेद येतो. परीक्षा संपली की त्यातलं एकच वाक्य डोक्यात उरतं : 'अब्राहम लिंकनने गुलामांना मुक्त केलं.' वाक्य खोटं नाही. पण मराठीच्या तासाला शिकलेलं व्याकरण त्याला लावून बघा. कर्ता लिंकन, क्रियापद 'मुक्त केलं' आणि गुलाम हे कर्म. म्हणजे ज्यांच्यावर क्रिया घडली ते. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. एवढी माणसं चार वर्षं नुसती वाट बघत बसली होती का? या वेळी सदरात त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. दक्षिणेकडच्या राज्यांचं सगळं अर्थकारण कापसावर उभं होतं आणि कापूस गुलामांच्या कष्टावर. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी निदान तीन चतुर्थांश कापूस तिथून जायचा. गुलामगिरीचा विस्तार नव्या प्रदेशांत होऊ द्यायचा नाही, असं म्हणणारा लिंकन १८६० ची निवडणूक जिंकला आणि दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटली. शेवटी ११ राज्यांनी मिळून वेगळं 'कॉन्फेडरेट' राष्ट्र जाहीर केलं. १२ एप्रिल १८६१ ला त्यांच्या तोफांनी चार्ल्स्टन बंदरातल्या फोर्ट सम्टर या किल्ल्यावर मारा केला आणि युद्धाला तोंड फुटलं.

त्या तोफांचे पडसाद आपल्याकडेही उमटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली, अमेरिकन कापूस अडकला आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. आपल्या बेळगावपासून दीड-दोन तासांवरच्या धारवाड भागात अमेरिकन बियाण्याचा कापूस आधीपासून पिकत होता. खानदेश-वऱ्हाडाच्या कापसालाही सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा माजला. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, भाव कोसळले आणि इकडे भल्याभल्यांची दिवाळी दिवाळखोरीत निघाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. युद्ध सुरू झालं तेव्हा गुलामांना मुक्त करणं हे उत्तरेचं अधिकृत उद्दिष्ट नव्हतंच. देश एकसंध राखायचा, फुटलेली राज्यं परत आणायची, एवढंच. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्टच्या 'स्कोप'मध्ये गुलामगिरीचा विषयच नव्हता. लिंकनला स्वतःला गुलामगिरी अन्यायाची वाटत होती. पण केंटकी, मिझुरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली चार राज्यं अजून त्याच्या बाजूने होती आणि ती बिथरतील अशी त्याला धास्ती होती. ऑगस्ट १८६२ मध्येसुद्धा त्याने एका संपादकाला जाहीर पत्र लिहून कळवलं, की एकाही गुलामाला मुक्त न करता देश वाचवता आला तर मी तसं करीन. मग हा 'स्कोप' बदलला कोणी?

२३ मे १८६१ च्या रात्री व्हर्जिनियात तीन माणसं एका होडीत बसली. फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी अशी त्यांची नावं. तिघेही गुलाम. मालक कॉन्फेडरेट सैन्यात कर्नल होता आणि त्याने त्यांना तोफखान्याचे मोर्चे बांधायच्या कामाला जुंपलं होतं. पुढे त्यांना बायकामुलांपासून लांब, कॅरोलायनात नेणार असं त्यांच्या कानावर आलं होतं. पाण्यापलीकडे फोर्ट मन्रो हा किल्ला होता. व्हर्जिनियाच्या मातीवर असूनही तो उत्तरेच्या ताब्यात होता. तिघे वल्ही मारत तिथे गेले आणि पहाऱ्यावरच्या शिपायांच्या स्वाधीन झाले.

ही जागाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १६१९ च्या ऑगस्टमध्ये पकडून आणलेल्या वीसेक आफ्रिकनांना इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिल्यांदा उतरवलं गेलं, ते याच टोकावर. ज्या किनाऱ्यावर तिथली गुलामगिरी उतरली, त्याच किनाऱ्यावर २४२ वर्षांनी हे तिघे आपल्या पायांनी येऊन उभे राहिले.

किल्ल्याचा प्रमुख होता जनरल बेंजामिन बटलर, मॅसॅच्युसेट्सचा एक निष्णात वकील. तो काही गुलामांचा कैवारी वगैरे नव्हता. पुढे कॉन्फेडरेट राष्ट्राचा अध्यक्ष झालेल्या जेफरसन डेव्हिसला त्याने १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पाठिंबा दिला होता! दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन आला आणि म्हणाला, आमचे गुलाम परत द्या. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळून आलेला गुलाम मालकाला परत करणं बंधनकारकच होतं. बटलरमधला वकील जागा झाला. तो म्हणाला, हा कायदा अमेरिकेचा आहे आणि तुमचं व्हर्जिनिया तर आता परदेश असल्याचं तुम्हीच सांगताय. मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? शिवाय तुम्ही गुलामांना मालमत्ता समजता आणि त्या मालमत्तेकडून आमच्याविरुद्ध मोर्चे बांधून घेता. युद्धात शत्रूच्या उपयोगाचा माल जप्त करता येतो. म्हणून हे तिघे 'काँट्राबँड', म्हणजे जप्तीचा माल!

वकिलाने पळवाट शोधली. 'पळवाट' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्या. बटलरने त्यांना माणूस म्हणून मान्यता दिली नव्हती, माल म्हणूनच ठेवून घेतलं होतं. पण बातमी वाऱ्यासारखी पसरली. दोन-तीन दिवसांत आणखी आठ जण आले. मग कुटुंबंच्या कुटुंबं यायला लागली. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, डोक्यावर गाठोडी. पुरुष कामाला उपयोगी पडतील हे ठीक, पण बायका-मुलांना 'युद्धोपयोगी माल' कसं म्हणणार? बटलरने वॉशिंग्टनला पत्र लिहून हाच पेच विचारला. ऑगस्ट १८६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, की बंडखोरांनी सैन्याच्या कामाला लावलेल्या गुलामांवर मालकाचा हक्क राहणार नाही. बघा, आधी माणसं चालत आली, मग कायदा त्यांच्या मागून आला.

जिथे जिथे उत्तरेचं सैन्य पोचलं, तिथे तिथे अशा छावण्या उभ्या राहिल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच लाख माणसं मळे सोडून सैन्याच्या आश्रयाला आली असा अंदाज आहे. त्या छावण्या म्हणजे काही नंदनवन नव्हतं. गळके तंबू, अपुरं अन्न, गोवर आणि देवी. हजारो माणसं स्वातंत्र्याच्या दाराशी येऊन आजाराने गेली. कबूल केलेली मजुरी अनेकदा हातात पडत नसे. तरी लोंढा थांबला नाही. परत जाण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनी ठरवलं होतं.

काहींनी तर नुसते पाय नाही, अख्खं जहाज वापरलं. रॉबर्ट स्मॉल्स हा २३ वर्षांचा गुलाम चार्ल्स्टन बंदरात 'प्लांटर' नावाच्या कॉन्फेडरेट आगबोटीचं सुकाणू धरायचा. पगारातला मोठा हिस्सा मालकाच्या खिशात जायचा. बायको आणि मुलगी यांना त्यांच्या मालकाकडून विकत घेण्याचा सौदा त्याने ८०० डॉलरला ठरवला होता, पण रक्कम जमता जमत नव्हती. स्वतःच्या बायको-लेकीसाठी पैसे साठवतोय हा माणूस, कल्पना करा!

१२ मे १८६२ च्या रात्री गोरा कप्तान आणि त्याचे अधिकारी नियम मोडून झोपायला किनाऱ्यावर गेले. पहाटेच्या अंधारात स्मॉल्सने बोट सोडली, वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायकामुलांना उचललं आणि कप्तानाची रुंद काठाची टोपी डोक्यावर चढवून कप्तान उभा राहायचा तसाच तो उभा राहिला. वाटेत कॉन्फेडरेट तोफांची ठाणी होती. प्रत्येक ठिकाणी शिटीची ठरलेली खूण द्यायची, आणि ती त्याला पाठ होती. सर्वांत धोक्याचं ठिकाण म्हणजे फोर्ट सम्टर. तिथेही त्याने शांतपणे शिटी दिली आणि पहारेकऱ्यांनी बोट जाऊ दिली. तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर निशाण उतरवलं आणि बिछान्यावरची पांढरी चादर फडकवली. बोटीवर मुलाबाळांसह १६ जण होते, शिवाय तोफा आणि दारूगोळा. हे सगळं उत्तरेच्या आरमाराच्या हाती लागलं. त्याहून मोलाची होती स्मॉल्सच्या डोक्यातली माहिती : सुरुंग कुठे पेरलेत, कुठल्या ठाण्यावर किती माणसं आहेत. गुलामांना अक्कल नसते असं सांगणाऱ्यांची त्या सकाळी पंचाईत झाली असणार.

इतके दिवस लिंकन योग्य वेळेची वाट बघत होता. १७ सप्टेंबर १८६२ ला मेरीलँडमध्ये अँटिएटमच्या ओढ्याकाठी लढाई झाली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून एका दिवसात दोन्ही बाजूंचे सुमारे २३ हजार सैनिक. दक्षिणेच्या सैन्याला मागे फिरावं लागलं आणि पाच दिवसांनी लिंकनने घोषणा केली, की १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त समजले जातील. सोबतच्या चार राज्यांना ती लागू नव्हती आणि बंडखोर राज्यांत तर लिंकनचं राज्य चालत नव्हतं! त्यामुळे कागदावरची ही मुक्ती प्रत्यक्षात यायची, तर एक तर सैन्याने पुढे सरकायचं किंवा गुलामांनी सैन्यापर्यंत पोचायचं. दोन्ही घडलं. १ जानेवारीच्या घोषणेतली आणखी एक ओळ तितकीच महत्त्वाची होती : आता मुक्त झालेल्या पुरुषांना सैन्यात भरती होता येणार होतं.

या भरतीची सर्वांत गाजलेली पलटण म्हणजे ५४ वी मॅसॅच्युसेट्स. गुलामगिरीतून निसटून मोठा वक्ता आणि संपादक झालेल्या फ्रेडरिक डग्लसचे दोन मुलगे तिच्यात होते. १८ जुलै १८६३ ला चार्ल्स्टनजवळच्या फोर्ट वॅग्नरवर चाल करून गेलेल्या सुमारे ६०० जणांपैकी अडीचशेहून अधिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. त्यांचा गोरा कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच पडला. झेंडा धरणारा कोसळला तेव्हा सार्जंट विल्यम कार्नीने तो उचलला आणि स्वतः गोळ्या खाऊनही जमिनीला टेकू न देता परत आणला. हा कार्नी जन्माने गुलाम, फोर्ट मन्रोसमोरच्या नॉरफोकचा. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळालं खरं, पण १९०० मध्ये!

मला मात्र या पलटणीची दुसरी लढाई जास्त भावते. गोऱ्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर पगार होता. काळ्या शिपायाला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. या पलटणीने पगार घ्यायलाच नकार दिला. वरचे पैसे आम्ही भरून देतो, असं मॅसॅच्युसेट्स राज्याने सांगितलं, तरी त्यांनी ते घेतले नाहीत. प्रश्न पैशांचा नव्हताच, बरोबरीचा होता. घरी बायकामुलांचे हाल होत असताना दीड वर्षाच्या आसपास ते बिनपगारी लढत राहिले. जून १८६४ मध्ये काँग्रेसला समान वेतन मान्य करावं लागलं. युद्धाच्या अखेरीपर्यंत उत्तरेच्या पायदळात आणि आरमारात मिळून जवळपास दोन लाख काळे सैनिक झाले होते. त्यांतले सुमारे ४० हजार मृत्यू पावले, बहुतेक आजाराने.

आजाराचं हे सूत्र सगळ्या युद्धालाच लागू होतं. गोळीपेक्षा रोगांनीच जास्त माणसं नेली. एकूण मृतांचा आकडा बरीच वर्षं ६ लाख २० हजार सांगितला जाई, आताचे अभ्यासक तो ७ लाखांच्याही पुढे नेतात. दक्षिणेतल्या सामान्य गोऱ्या कुटुंबांचेही हाल झाले. एप्रिल १८६३ मध्ये राजधानी रिचमंडमध्ये बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली. व्हिक्सबर्गला ४७ दिवस वेढा पडला, तेव्हा लोक टेकड्यांत गुहा खणून राहिले, खेचराचं मांस शिजवू लागले आणि तिथलं वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर छापलं जाऊ लागलं.

या धामधुमीतलं माझं आवडतं पात्र म्हणजे सूझी किंग टेलर. जन्म १८४८ चा, जॉर्जियात, गुलामगिरीत. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. जॉर्जियात गुलामांना शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. सव्हाना शहरात एक स्वतंत्र काळी बाई आपल्या घरी चोरून वर्ग घ्यायची. सूझी तिथे जाताना पुस्तकं कागदात गुंडाळून न्यायची, पोलिसांना दिसू नयेत म्हणून. १८६२ मध्ये ती काकांच्या कुटुंबाबरोबर पळून उत्तरेच्या ताब्यातल्या बेटावर आली. हिला लिहिता-वाचता येतं हे कळल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला शाळाच काढून दिली. वय जेमतेम तेरा-चौदा वर्षं. दिवसा ४० च्या आसपास मुलं आणि रात्री मोठी माणसं. पुढे ती काळ्या सैनिकांच्या पलटणीबरोबर राहिली. नेमणूक धोबिणीची, पण प्रत्यक्षात ती जखमींची शुश्रूषा करायची, बंदुका साफ करायची आणि फावल्या वेळात शिपायांना अक्षरं शिकवायची. चार वर्षांहून अधिक काळ, एक डॉलरही न घेता. १९०२ मध्ये तिने या सगळ्याच्या आठवणी पुस्तकरूपात छापल्या, म्हणून आज आपल्याला तिचं नाव माहीत आहे. अशा किती सूझी लिहायच्या राहून गेल्या असतील!

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. सहाच दिवसांत लिंकन मारेकऱ्याच्या गोळीने गेला. टेक्सासमधल्या सुमारे अडीच लाख गुलामांपर्यंत मात्र मुक्तीचा हुकूम पोचला तो १९ जूनला, जनरल ग्रेंजर फौज घेऊन गॅल्व्हस्टनला उतरला तेव्हा. लिंकनच्या घोषणेला अडीच वर्षं होत आली होती. आयटीतल्या मंडळींना 'जूनटीन्थ'ची सुट्टी ओळखीची असेल. त्या दिवशी अमेरिकेच्या टीमचे कॉल नसतात. ही तीच तारीख, २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टी. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि गुलामगिरी देशभरातून कायद्याने संपली.

मोकळं झाल्यावर या माणसांनी काय केलं? अनेकांनी आधी आपली माणसं शोधली. विकली गेलेली आई, ताटातूट झालेला भाऊ यांच्यासाठी कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत जाहिराती येत राहिल्या. जोडप्यांनी रीतसर लग्नं नोंदवली, कारण गुलामांच्या लग्नाला कायदा ओळखतच नव्हता. रॉबर्ट स्मॉल्सने आपल्या जुन्या मालकाचं घर विकत घेतलं आणि पुढे तो पाच वेळा काँग्रेसवर निवडून गेला. पण दक्षिणेतल्या जुन्या सत्ताधाऱ्यांनीही हार मानली नव्हती. दहशत आणि नवनवे कायदे यांच्या जोरावर त्यांनी काळ्यांचा मताधिकार हिरावून घेतला. १८९५ मध्ये साउथ कॅरोलायनाची राज्यघटना त्यासाठीच बदलली जात होती, तेव्हा साठीकडे झुकलेला स्मॉल्स सभागृहात उभा राहून विरोध करत होता. तिथे तो हरला. तो हक्क खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ उजाडलं.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केलं. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जी निःस्वार्थ झीज सोसली तिचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. मदत करणाऱ्याचे आभार असे मोकळ्या मनाने मानावेत. लिंकनचेही मानावेत, त्याची घोषणा नसती तर ५४ वी पलटण नसती. पण त्याच वर्षी २४ सप्टेंबरला फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. ज्यांची दास्यातून सुटका व्हायची, त्यांनीच एकत्र यायचं, शिकायचं आणि प्रश्न विचारायचे, यासाठी.

घरात सातवी-आठवीतलं कोणी असेल, तर त्याचं इतिहासाचं पुस्तक घेऊन एकदा बसा. 'अमक्याने तमक्यांना हक्क दिले' असं वाक्य आलं की विचारा, ते तमके तेव्हा काय करत होते? शेपर्ड मॅलरीचं नाव त्या पुस्तकात नसेल. ते तुम्ही सांगा. आणि ५४ व्या पलटणीवरचा 'ग्लोरी' हा १९८९ चा सिनेमा मिळाला तर घरातल्या मोठ्यांनी जरूर बघा.

भेटूया पुढच्या अंकात.